पॉलिशची बंद खोली

जिना चढताना धाप लागली की आपण जिन्याला दोष देतो. पायऱ्या उंच आहेत म्हणतो, जेवण जड झालं म्हणतो, आज हवाच कोंदट आहे म्हणतो. छातीचं नाव कुणी घेत नाही. मिस्त्रीही घेत नसत.

मिस्त्री चौथ्या मजल्यावर राहत. बिल्डिंगला लिफ्ट नव्हती. लिफ्टसाठी सोडलेली जागा होती आणि तिच्यात तळमजल्यावाल्यांच्या सायकली होत्या. संध्याकाळी कामावरून आले की मिस्त्री पहिल्या मजल्यावर थांबत आणि उघड्या दारातून विचारत, "काय वहिनी, सूनबाई आल्या का परत?" उत्तर यायचं, आणि ते चांगलं ऐसपैस यायचं. दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहत. सगळी बिल्डिंग त्यांना बाई म्हणायची. तिथला प्रश्न ठरलेला होता. "बाई, गुडघा काय म्हणतो?" तिसऱ्यावर बँकेतल्या साहेबांच्या मुलाची नोकरी.

बिल्डिंगने त्यांना 'चौकशी खिडकी' असं नाव ठेवलं होतं. ठेवलं होतं ते प्रेमानेच. "असा माणूस मिळायचा नाही," लोक म्हणत. "स्वतःचं एक अक्षर सांगत नाही, तुमचं मात्र सगळं ऐकून घेतो!"

मिस्त्री ऐकून घेत हे खरं. का, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक होतं. प्रश्न छोटा असतो, तो एका श्वासात बसतो. उत्तर समोरच्याने द्यायचं असतं. ते संपेपर्यंत कठड्याला हात टेकून उभं राहता येतं, उडणारी छाती जागेवर येते आणि पुढचा मजला गाठता येतो. मध्येच मान हलवली की झालं.

घरीही त्यांचं बोलणं हळूहळू आटत गेलं होतं. एकेकाळी हा माणूस कारखान्यातल्या गोष्टी अशा रंगवून सांगायचा की ताटातलं गार व्हायचं. आता नुसतं हं, बरं, बघू.

"काय हो, बोलण्यावर कर बसवलाय का सरकारने?" बायको विचारायची.

मिस्त्री हसायचे. हसल्यावर खोकला यायचा. मग पाणी प्यायचे, आणि विषय संपायचा.

कारखाना फर्निचरचा होता. पुढच्या मोठ्या शेडमध्ये सुतार लाकूड कापत, रंधत. मागे पॉलिशची खोली होती, आणि ती खोली म्हणजे मिस्त्रींचं राज्य. तिथले कायदे त्यांनीच केले होते. फवारा मारायच्या आधी फरशीवर पाणी शिंपडायचं. खिडक्या लावायच्या. दाराखालच्या फटीत कापड कोंबायचं. पंखा बंद. कारण लॅकर, म्हणजे चकाकीसाठी फवारलेला थर, ओलं असताना त्यावर धुळीचा एक कण जरी बसला, तरी वाळल्यावर तिथे पुरळ उठल्यासारखं दिसतं आणि आरशासारखी चकाकी वाया जाते. तान्ह्या बाळावर माशी बसू देऊ नये, तसे मिस्त्री त्या लाकडाला जपत. त्यांच्या टेबलात गिऱ्हाईक स्वतःचा भांग पाडून बघायचं.

खिळ्याला मास्क टांगलेले होते. मालकांनीच आणून दिले होते. ते तसेच टांगलेले राहिले.

"तोंडनाक बांधल्यावर वास कसा यायचा?" मिस्त्री म्हणत. "थिनरचा वास उतरला की दुसरा हात द्यायचा. घड्याळाला काय कळतंय त्यातलं? नाक सांगतं."

त्यांच्या हाताखाली त्यांची एकुलती एक मुलगी काम करत होती. लहानपणी ती सतत काहीतरी उचलून इकडून तिकडे नेत असायची, म्हणून घरात तिला मुंगी म्हणत. आता ती चांगली पंचविशीची झाली होती, तरी नाव तेच राहिलं होतं. कॉलेजच्या सुट्टीत बापाला डबा द्यायला म्हणून ती यायची, एकदा सहज ब्रश हातात घेतला आणि मग घेतलाच. जुन्या खुर्चीचा रंग नव्या लाकडावर हुबेहूब उतरवण्यात तिने बापालाही मागे टाकलं होतं. आई म्हणायची, "हात बापाचा आहे, पण नजर माझी आहे बरं का!"

मुंगीनेही मास्क लावला नाही. बाबा लावत नाहीत, मग आपण कसा लावायचा?

एका संध्याकाळी दोघं घरी परतत होते. एका गिऱ्हाईक वकीलसाहेबांचं मोठं जेवणाचं टेबल दिवसभर चाललं होतं, आणि अंगाला लॅकरचा वास चिकटला होता. मुंगी पुढे झाली. मिस्त्री पहिल्या मजल्यावर वहिनींच्या सूनबाईंची हकीकत ऐकत उभे राहिले. तेवढ्यात वरून आवाज आला.

"बाई... गुडघा काय म्हणतो?"

मिस्त्रींना आधी हसू आलं. पोरगी अगदी बापावर गेली! वहिनीही म्हणाल्या, "ऐकलंत का? वारस तयार आहे तुमच्या खिडकीला."

पण मिस्त्रींचं हसू ओठावरच थांबलं. त्या प्रश्नाच्या मध्ये एक खाच होती. 'बाई' म्हटल्यावर, 'गुडघा' म्हणायच्या आधी. आणि प्रश्नानंतरची ती शांतता! बाई सांगत होत्या, आणि मुंगी मध्ये एक शब्दही बोलत नव्हती. सांगणाऱ्याला एका वाक्यात तीनदा अडवणारी मुंगी! ती शांतता मिस्त्रींच्या चांगली ओळखीची होती. ती त्यांचीच होती.

ती गुडघ्याची चौकशी करत नव्हती. ती श्वास घेत होती!

वहिनींचं बोलणं अर्धवट टाकून मिस्त्री जिना चढू लागले. घाई केली आणि दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत डोळ्यांपुढे काजवे चमकले. मुंगी वर गेली होती. बाई दारातच उभ्या होत्या.

"आत या," त्या म्हणाल्या. "बसा. बोलू नका, आज मीच बोलते. नाहीतरी रोज मीच बोलते."

मिस्त्री खुर्चीत पुढे वाकून, हात गुडघ्यांवर रोवून बसले. बाईंनी त्यांना वेळ दिला.

"गेल्या काही महिन्यांत माझ्या गुडघ्याला फार भाव आलाय," त्या म्हणाल्या. "आधी तुम्ही एकटे विचारायचात. आता तुमची लेकही विचारते. इतका काही गुणी नाही हो तो गुडघा."

मिस्त्रींनी वर पाहिलं. "तुम्हाला... माहीत होतं?"

"शाळेत आयुष्य गेलं माझं. पाठ न करता आलेलं पोर कसं उभं राहतं ते मला लांबून कळतं." त्यांनी किल्ल्यांच्या खुंटीशेजारच्या फळीवरून एक छोटा पंप उचलला, तोंडाला लावून शांतपणे ओढला, श्वास जरा रोखून धरला आणि पंप जागेवर ठेवला. चूळ भरून आल्या. चष्मा पुसावा इतक्या सहजपणे. "आणि दुसरं म्हणजे, मीही त्याच वर्गातली आहे."

"बाई! तुम्ही कधी बोलला नाहीत."

"तुम्ही रोज गुडघ्याचं विचारलंत. छातीचं कधी विचारलंत?"

मिस्त्रींनी पंपाकडे बोट केलं. मग म्हणाले, "मलाही दिला होता हा पंप. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी. पण म्हणतात ना, एकदा लागला की सवय होते. सुटत नाही."

"आणि धाप लागायची सवय झाली आहे, ती चालते?"

"मी आयुष्यात सिगारेटला हात लावला नाही, बाई."

"मी तरी कुठे लावला? माझी अर्धी हयात चुलीच्या धुरात गेली आणि उरलेली मोठ्या रस्त्यावरच्या शाळेत. छाती काय, जे येईल ते आत घेते. ती थोडंच विचारते की हा धूर कुणाचा आणि ही धूळ कुठली!"

"माझं जाऊ द्या हो," मिस्त्री म्हणाले. "माझं काय राहिलंय. मुंगीचं सांगा."

बाई पहिल्यांदाच जरा कडक झाल्या. "तुमचं कसं जाऊ द्या? ती तुमच्याकडे बघून शिकते. पॉलिश तुम्ही शिकवलंत. मजल्यामजल्यावर थांबून दुसऱ्याची खुशाली विचारायला कुणी शिकवलं? तुम्ही आजार लपवलात, मिस्त्री. तुम्हाला वाटलं त्रास आपल्यापुरता ठेवला. तो आपल्यापुरता राहत नाही. लपवायची रीतसुद्धा मुलं उचलतात."

मिस्त्री घरी गेले. जेवायला बसले. भाजी वाढून झाली, आणि त्यांनी ताटाकडे बघत सांगून टाकलं, "मला दम लागतो. बरीच वर्षं झाली."

मुंगीचा हात तोंडाशी जाता जाता थांबला. ती हळूच म्हणाली, "मलाही, बाबा."

आई दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. मग तिने वाढायचा चमचा भांड्यात टाकला आणि तिच्या डोळ्यांना पाणी आलं. "अहो, आणि मी समजत होते, तुम्ही माझ्याशी बोलायला कंटाळलात!"

त्या वाक्याने मिस्त्रींना जे लागलं, ते त्या जिन्याने कधी लागलं नव्हतं.

छातीच्या डॉक्टरांकडे बापलेक गेले तेव्हा मिस्त्रींना वाटलं होतं, चारदोन म्हातारी माणसं असतील. खोली गच्च भरलेली होती. चौकात दिवसभर उभा राहणारा वाहतूक पोलीस होता. बेकरीत भट्टीपुढे काम करणारी एक बाई होती. गाद्यांत कापूस भरणारा होता. काही धडधाकट दिसणारी ऑफिसची माणसं होती, गळ्यात अजून कामाची ओळखपत्रं होती. शेजारच्याने विचारलं की जो तो सांगे, "काही नाही हो, जुना खोकला आहे, सहज दाखवायला आलो." आणि कोपऱ्यात वर्तमानपत्र तोंडापुढे धरून बसलेले ते? ते तर टेबलवाले वकीलसाहेब!

"साहेब, तुम्ही इथे?"

"मी? छे! मित्राला सोबत म्हणून आलोय." मित्र काही आसपास दिसेना. तेवढ्यात आतून नाव पुकारलं गेलं आणि वकीलसाहेबच उठले. बेकरीतली बाई पदराआड हसली. वकीलसाहेबही मग हसले, आणि जाता जाता म्हणाले, "मिस्त्री, घरी काही बोलू नका हं."

"साहेब," मिस्त्री म्हणाले, "तेच तर करून इथवर आलो आम्ही."

आत एक नळी तोंडात धरून फुंकायचं होतं. तपासणारी मुलगी ओरडत होती, "फुंका काका, फुंका, फुंका, अजून, अजून, सोडू नका!" मिस्त्रींचा श्वास सुरुवातीलाच अडला. एका फवाऱ्यात अख्खं कपाट झाकणारा हा माणूस, त्याला एवढीशी नळी फुंकता येईना.

डॉक्टर वयाने मुंगीपेक्षा फार मोठ्या नसाव्यात. त्यांनी लपवाछपवी केली नाही. "काका, तुमच्या श्वासाच्या नळ्या अरुंद झाल्या आहेत. ज्या गेल्या त्या मी परत आणू शकणार नाही. उरलेल्या सांभाळू शकते. औषध रोज, बरं वाटलं तरी रोज." मग त्या मुंगीकडे वळल्या. "हिचं वेगळं आहे. औषध दिल्यावर हिच्या नळ्या उघडतात. अजून वेळ आहे. पण ती ज्या हवेत काम करते ती बदलली नाही, तर मी कितीही औषध दिलं तरी एक दिवस ही तुमच्या खुर्चीत बसलेली असेल."

परतताना मिस्त्री तीनदा थांबले. कुणालाही काही विचारलं नाही. नुसते थांबले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पॉलिशच्या खोलीच्या खिडक्या उघडल्या. अनेक वर्षांनी उघडत होत्या त्या, कड्या गंजल्या होत्या, हातोडीने ठोकाव्या लागल्या. आवाज ऐकून मालक धावत आले.

"मिस्त्री, डोकं ठिकाणावर आहे ना? वकिलांचं टेबल आत आहे! एक कण बसला तर गिऱ्हाईक दारातून परत पाठवेल!"

"बसू द्या."

"बसू द्या? हे तुम्ही बोलताय? अहो, दाराच्या फटीत कापड कोंबायला तुम्हीच तर शिकवलंत सगळ्यांना!"

"मीच शिकवलं. चूक शिकवलं." मिस्त्री टेबलाच्या कडेला टेकले. पूर्ण वाक्य बोलायला त्यांना आज वेळ लागत होता, आणि आज त्यांनी तो लपवला नाही. "मालक, कण टेबलावर बसला... तर मी पॉलिशपेपर घेऊन घासून काढीन. माझ्या पोरीच्या छातीत बसला... तर कुठल्या पेपरने घासू? सांगा ना, कुठल्या पेपरने?"

पुढच्या शेडमधला रंध्याचा आवाज थांबला होता. मालक वाईट माणूस नव्हते. मास्क आणून खिळ्याला लावले, आपलं काम झालं, असं समजणारे होते; आपल्यातले बहुतेक जण असतो तसे. ते म्हणाले, "काम लांबेल, मिस्त्री."

"लांबेल. माणसंही तेवढी लांबतील."

काम लांबलंच. वकिलांच्या टेबलावर खरोखर कण बसले, आणि ते घासून पुन्हा हात द्यावा लागला. पण हळूहळू रीत बसली. येणारी हवा गाळून घेणारं जाड कापड खिडक्यांना लागलं. आतली हवा ओढून घेणारा पंखा आला, त्यालाही गाळणी, कारण बाहेरच्या गल्लीतही माणसंच राहतात. घासायचं काम ओलं होऊ लागलं, म्हणजे भुसा उडेना. मुंगीने चांगला, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क घेतला. वास येईना, तेव्हा टेबलाच्या खालच्या कडेला बोटाची मागची बाजू टेकवून लॅकर कितपत ओलं आहे ते ती ओळखायला शिकली. नाकाचं काम तिने बोटाकडे दिलं. मिस्त्रींनी एकदा डोळे मिटून स्वतः तसं करून पाहिलं आणि कबूल केलं, "नाकापेक्षा बरं कळतं की गं हे!"

फवाऱ्याच्या खोलीत डॉक्टरांनी त्यांना पुन्हा जाऊ दिलं नाही. ते बाहेर बसून रंग जुळवून देत. रोजचा पंप घेत, सगळ्यांसमोर घेत. डॉक्टरांनी शिकवलेले श्वासाचे व्यायाम करत. जिन्यात आता ते सरळ म्हणत, "थांबतो जरा, दम लागला." आणि गंमत अशी झाली, की ते तसं म्हणू लागल्यावर पहिल्या मजल्याच्या वहिनीही एकदा म्हणाल्या, "भाऊजी, मलाही लागतो हो." मग बँकेतले साहेब. बाईंनी जिन्याच्या वळणावर एक स्टूल आणून ठेवलं. त्यावर बसून मिस्त्री पूर्वीसारख्या गोष्टी सांगायचे, तुकड्यातुकड्याने, पण रंगवून. लोक चेष्टेने म्हणत, "चौकशी खिडकीचा रेडिओ झाला! आता आम्हाला बोलायला मिळत नाही." आई वरून हाक मारायची, "घरी या आता, मलाही ऐकायचंय!"

अशी काही वर्षं चांगली गेली. मग एका थंडीत छातीत कफ भरला, ताप आला, आणि मिस्त्री दवाखान्यातून घरी आले नाहीत. जे गेलं होतं ते परत येणार नाही, हे डॉक्टरांनी सांगितलंच होतं.

भेटायला माणसं येत होती. मालक आले. बराच वेळ चप्पल काढलेल्या जागेकडे बघत बसले आणि अशा वेळी सगळे म्हणतात तेच म्हणाले, "काय करणार, वय झालं होतं."

मुंगी तोवर कुणाशी फारसं बोलली नव्हती. ती म्हणाली, "नाही, काका. वय नव्हतं झालं. आजार होता. तो लवकर कळला असता, तर ते आज असते."

तिने हे रागाने म्हटलं नव्हतं. एखाद्याने चुकीचा पत्ता सांगितला की आपण दुरुस्त करतो, तेवढ्या शांतपणे म्हटलं होतं.

निघताना मालक दारात घुटमळले. चार मजले चढून आल्यामुळे त्यांचा शर्ट अजून घामाने चिकटलेला होता. ते हळू आवाजात म्हणाले, "मुंगी, ते... नळीत फुंकायचं असतं ते... कुठे करतात गं? सुतारांनाही घेऊन जावं म्हणतो. मीही जाईन."

मुंगीने पत्ता सांगितला. आणि मग, मालकांच्या समोर, ती पहिल्यांदा रडली.

वाचकहो, आपल्या घरात ताप मोजायचं यंत्र आहे, अनेकांच्या घरात रक्तदाब मोजायचंही आहे. साखर किती आहे हे आपण चारचौघांत सांगतो. पण श्वास कधी मोजलाय का कुणी? आपल्या शहरात, आपल्याच बिल्डिंगमध्ये, शेजारच्याच टेबलावर काम करणारी कितीतरी माणसं अर्ध्या श्वासावर दिवस काढत असतात. सिगारेट ओढणारे असतात, कधीच न ओढणारेही असतात. धूळ, धूर, फवारे, वाफा यांत पोटासाठी उभे राहणारे तर असतातच. खोकला जुना झाला म्हणून तो आपला होत नाही. धाप नेहमीची झाली म्हणून ती निरुपद्रवी होत नाही. महिनोन्महिने खोकला असेल, बरोबरीच्या माणसांबरोबर चालताना मागे पडायला होत असेल, तर तपासून घ्या. घरातल्याला घेऊन जा, तो नको म्हणाला तरी. ज्यांच्या हाताखाली माणसं काम करतात, त्यांनी मास्क टांगून थांबू नये, खिडक्या उघडाव्यात. आणि पंप ओढणाऱ्या माणसाकडे टक लावून बघू नये.

माणूस गेल्यावर आपण त्याच्या आजाराचं नाव शोधतो, कागदावर लिहायला लागतं म्हणून. ते नाव तो जिवंत असताना, त्याच्यासमोर, जेवणाच्या ताटावर घ्या! त्याच्यावर उपचार करता येतात ते तेव्हाच.